ठराव मंजूर, रक्कम नाही: एका संशोधन अधिछात्रवृत्तीचं प्रकरण

हे प्रकरण हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातील एका संशोधक विद्यार्थिनीचं आहे. नांदेडच्या ज्या महाविद्यालयात ती पीएच.डी. करते, तिथल्या संशोधन केंद्राचं समन्वयकपद माझ्याकडे आहे. प्रगती अहवाल, हजेरीपत्रकं, घरभाडे भत्त्याची प्रमाणपत्रं माझ्या सहीने पुढे जातात, त्यामुळे कागद कुठून निघाला आणि कुठे अडला हे मला शेवटपर्यंत पाहता आलं. विद्यार्थिनीचं, तिला अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) देणाऱ्या संस्थेचं आणि तिच्यावरच्या विभागाचं नाव मी देत नाही. राज्यात अशा संस्था आता अर्धा डझनाच्या घरात आहेत, त्यांची घडणही बरीचशी एकसारखी आहे. मला बोलायचं आहे ते त्या घडणीबद्दल.

तिचा विषय अर्थशास्त्रातला. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळद विकणारे लहान शेतकरी, त्यांच्या हातात पडणारा भाव आणि त्यांनी आधीच घेतलेली उचल, यांचा संबंध ती तपासते. हळदीचं वेळापत्रक ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रकरणातलं नुकसान लगेच कळेल. लागवड मृगाच्या आसपास, काढणी शिमग्याच्या आगेमागे, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि मार्च ते मे या दिवसांत माल मोंढ्यात. शेतकरी गाडी घेऊन येतो, लिलावाची वाट पाहत रात्र काढतो, आणि त्याच वेळी तो मोकळेपणाने बोलतो. जून लागला की तोच माणूस पेरणीत गुंततो. त्याला वेळ नसतो आणि कोणाकडून किती उचल घेतली, किती कापली गेली, हे आकडेही तोवर पुसट झालेले असतात. म्हणजे तिच्या क्षेत्रकामाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो.

घरी तीन एकर कोरडवाहू. धाकटा भाऊ लातूरला नीटच्या तयारीला. अधिछात्रवृत्ती दरमहा ३१,००० रुपये, अधिक घरभाडे भत्ता. त्यातून विष्णुपुरीजवळची खोली, मेस, प्रवास भागवून उरलेले पैसे लातूरला जात. संस्था ही रक्कम महिन्याला देत नसे. सहा महिन्यांचा प्रगती अहवाल, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, विद्यापीठाची पडताळणी झाली की एकरकमी जमा करत असे. जुलै ते डिसेंबर २०२३ ची रक्कम फेब्रुवारीत आली. त्यानंतर खातं कोरडं पडलं. संस्थेत फोन केला की उत्तर ठरलेलं: निधी आला की टाकू. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, मग उत्तरात तीही आली. चालू योजनेतल्या मंजूर लाभार्थ्याला ठरलेली रक्कम देण्याच्या आड आचारसंहिता येत नाही, पण सेनगावची मुलगी हे फोनवर कोणाला ऐकवणार?

मे महिन्याच्या अखेरीस ती केंद्रात आली तेव्हा ठरवलेल्या मुलाखतींपैकी निम्म्याही झाल्या नव्हत्या. वसमतला मुक्काम करायचा तर पैसे हवेत, आणि हातउसने घेऊन घेऊन ओळखीचे लोक संपले होते. "सर, पैसे येईनात. घरी काय सांगू?" एवढंच ती म्हणाली. जूनमध्ये ती गावी पेरणीला गेली. तिच्याच तुकडीतल्या एका मुलाने लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये शिकवण्याची नोकरी धरली. तो परत आलेला नाही.

आमच्याकडे अशा वेळी दोन वाटा धरल्या जातात: आमदारांचं पत्र किंवा उपोषण. दोन्ही वाटांनी कधी कधी पैसा येतो, हे मी नाकारत नाही. पण तो का अडला होता हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तो त्याच जागी अडतो. म्हणून विद्यार्थ्यांनी या वेळी आधी संस्थेचे मूळ कागद मिळवायचं ठरवलं.

संस्था कशी उभी राहते

शासनाची शिष्यवृत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर समाजकल्याण कार्यालय येतं. अर्ज, तहसीलचा दाखला, कार्यालयातली खिडकी. अधिछात्रवृत्ती देणाऱ्या या संस्था मात्र कार्यालयं नाहीत. कायद्याच्या नजरेत त्या स्वतंत्र व्यक्ती आहेत. सरकारने त्यांना जन्म दिला, पण करार त्या स्वतःच्या नावाने करतात, बँक खातं स्वतःच्या नावाने उघडतात आणि कोर्टात स्वतःच्या नावाने उभ्या राहतात.

हा जन्म दोन प्रकारे होतो. पहिला, सोसायटी म्हणून, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. पुण्याची बार्टी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, या प्रकारातली. दुसरा, २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ खालची कंपनी म्हणून. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा समाजासाठी २०१८ मध्ये पुण्यात स्थापन झालेली सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी २०१९ मध्ये झालेली, नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती या दुसऱ्या प्रकारातल्या. अलीकडे सरकारांचा कल कलम ८ कडे आहे. नफा वाटायचा नाही, जो काही पैसा असेल तो उद्दिष्टावरच खर्च करायचा, आणि कंपनी बंद झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांनी घरी न्यायची नाही, अशी या कलमाची चौकट आहे. सरकारचा हिस्सा ५१ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ती सरकारी कंपनी होते. मग तिचा लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात आणि तिचा वार्षिक अहवाल विधिमंडळासमोर ठेवावा लागतो.

क्रम साधारण असा: मंत्रिमंडळाचा निर्णय, त्यावर शासन निर्णय, मग कंपनी निबंधकाकडे नोंदणी. नोंदणीच्या वेळी दोन दस्तऐवज दाखल होतात, मेमोरँडम आणि आर्टिकल्स. पहिल्यात संस्था कशासाठी आहे हे असतं. दुसऱ्यात ती कोण चालवणार, बैठक कशी भरणार, किती रुपयांपर्यंतचा निर्णय कोणी घ्यायचा, आणि सरकारचा शब्द कुठवर चालणार हे असतं. विद्यार्थी, पालक, पत्रकार, आम्ही प्राध्यापकही पहिल्याची पानं भाषणात वापरतो. संस्थेचा जीव दुसऱ्यात असतो. आणि तो गुप्त नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये शुल्क भरून कोणीही हे कागद पाहू शकतो. आमच्या मुलांनी ते पाहिले.

आर्टिकल्सप्रमाणे या संस्थेच्या संचालक मंडळात एक अध्यक्ष, एक व्यवस्थापकीय संचालक, काही पदसिद्ध शासकीय संचालक आणि काही तज्ज्ञ आहेत. पदसिद्धांमध्ये प्रशासकीय विभागाचे सचिव किंवा त्यांचा प्रतिनिधी, आणि वित्त विभागाचा प्रतिनिधी. व्यवस्थापकीय संचालक भारतीय प्रशासन सेवेतले. त्यांना मंडळ निवडत नाही. ते बदलीच्या आदेशाने येतात आणि बदलीच्या आदेशानेच जातात. इतकी बारीक गोष्ट, पण तिचा परिणाम मोठा आहे. विद्यार्थ्याची अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तीन-तीन अधिकारी बदलल्याचं मी पाहिलं आहे. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला फाईल पहिल्यापासून समजून घ्यावी लागते, आणि त्याचा त्यात काही दोष नसतो.

बैठकांचंही तसंच. साध्या कंपनीला वर्षात किमान चार बैठका घ्याव्या लागतात. कलम ८ च्या कंपनीला सवलत आहे, दर सहामाहीत एक बैठक झाली तरी कायदा समाधानी. आमच्या संस्थेने तेवढीच गाठली होती. सहा महिन्यांतून एकदा भरणाऱ्या मंडळाला चुकलेला निर्णय दुरुस्त करायलाही सहा महिने लागतात.

आणि मग आर्टिकल्समधलं ते कलम, जे बहुतेक सरकारी कंपन्यांच्या नियमावलीत असतं: राज्य शासन वेळोवेळी देईल ते निर्देश कंपनीवर बंधनकारक राहतील.

पैशाची वाट

संस्थेकडे स्वतःचं उत्पन्न जवळपास नाही. पैसा दरवर्षी अर्थसंकल्पातून येतो. विभागाच्या मागणीत एका लेखाशीर्षाखाली, "३१ सहायक अनुदाने (वेतनेतर)" या उद्दिष्टाखाली तरतूद होते. मार्चमध्ये विधिमंडळ ती मंजूर करतं. पण तरतूद होणं आणि पैसा हातात पडणं यांत बरंच अंतर आहे. वित्त विभाग बीम्स या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर निधी टप्प्याटप्प्याने खुला करतो. संस्था विभागाकडे मागणी पाठवते. विभाग मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामी लागल्याचा दाखला) पाहतो, निधी वितरणाचा शासन निर्णय काढतो, देयक कोषागारात जातं, तिथून संस्थेच्या खात्यात, आणि तिथून विद्यार्थ्याच्या. या साखळीतली एक कडी थांबली की पुढच्या सगळ्या थांबतात, आणि शेवटच्या कडीवर उभ्या असलेल्या मुलीला फक्त "निधी नाही" एवढंच ऐकू येतं.

या प्रकरणात निधी नव्हता असं नाही. तरतूद होती. अडलं ते असं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा दर ३१,००० वरून ३७,००० आणि वरिष्ठचा ३५,००० वरून ४२,००० केला, १ जानेवारी २०२३ पासून लागू. आमच्या संस्थेची योजना आयोगाच्या दराला धरून आहे असं तिच्या जाहिरातीतच म्हटलेलं होतं. विद्यार्थ्यांनी मागणी केली, संचालक मंडळाने ती मान्य केली: वाढीव दर लागू करावा, फरकही द्यावा. ठराव एकमताने झाला. मुलांनी पेढे वाटले होते, ते मला आठवतं. त्या ठरावानुसार संस्थेने नव्या आर्थिक वर्षाची संपूर्ण मागणी वाढीव दराने तयार करून विभागाकडे पाठवली.

विभागाने ती परत केली. शेरा थोडक्यात असा होता की दरवाढीमुळे आवर्ती खर्च वाढतो, त्याला वित्त विभागाची सहमती आणि शासन निर्णय लागतो, मंडळ त्यासाठी सक्षम नाही, सबब प्रस्ताव सुधारून पाठवावा. संस्थेने उलट कळवलं की ठराव झालेला आहे, तो बाजूला ठेवून कमी रकमेची मागणी करण्याचा अधिकार व्यवस्थापकीय संचालकांना नाही, आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येईल. पत्राला पत्र, त्याला स्मरणपत्र. मार्च गेला, एप्रिल गेला, हळदीचे लिलाव आटोपले.

आकडे मांडून पाहू. एका तुकडीत समजा २०० कनिष्ठ संशोधक. जुन्या दराने त्यांचा वर्षाचा खर्च ७ कोटी ४४ लाख. नव्या दराने होणारी वाढ १ कोटी ४४ लाख. वाद होता तो या १ कोटी ४४ लाखांचा. त्यापायी थांबले ते ७ कोटी ४४ लाख, ज्यांबद्दल कोणाचा कोणाशी काहीच वाद नव्हता. दोन्ही रकमा एकाच कागदावर मागितल्या होत्या म्हणून एकीसाठी दुसरी अडून राहिली. हे कळायला विद्यार्थ्यांना माहिती अधिकारातला अर्ज करावा लागला, पहिल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून अपील करावं लागलं, आणि तेव्हा कुठे ठरावाची प्रत, बैठकीचं इतिवृत्त आणि विभागाचं पत्र हाती आलं.

एकाच माणसाच्या दोन सह्या

इतिवृत्त आणि पत्र शेजारी ठेवून वाचताना आमच्यातल्या एका मुलाच्या लक्षात आलं. ज्या बैठकीत दरवाढीचा ठराव एकमताने झाला, तिच्या उपस्थितीत सचिवांच्या वतीने विभागाचे एक उपसचिव होते. आणि मंडळ सक्षम नाही असं सांगणारं पत्र ज्यांच्या सहीने निघालं, तेही तेच उपसचिव होते.

मुलं संतापली. समजण्यासारखं आहे. "बैठकीत हात वर करतात आणि कार्यासनावर जाऊन मोडता घालतात," असं ती म्हणत होती, आणि त्यातल्या काहींना ही बातमी करून टीव्हीवर द्यायची होती. मी त्यांना थांबवलं, कारण माझं मत वेगळं होतं आणि अजूनही आहे. संचालक म्हणून बसलेल्या माणसाने कंपनीच्या उद्दिष्टांच्या हिताने सद्भावनेने मत द्यावं असं कंपनी कायद्याचं कलम १६६ सांगतं. संस्थेचं उद्दिष्ट संशोधकांना साहाय्य करणं आहे, तेव्हा त्याने ठरावाच्या बाजूने मत दिलं ते योग्यच. तोच माणूस विभागात परत गेला की महाराष्ट्र शासनाच्या कार्यनियमावलीने बांधलेला असतो, आणि तिजोरीवर भार टाकणारा कोणताही प्रस्ताव वित्त विभागाला विचारल्याशिवाय पुढे नेता येत नाही, हे तिथे अगदी स्पष्ट आहे. म्हणून तर शासन निर्णयाच्या शेवटी वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक आणि तारीख छापलेली असते. तेव्हा त्याने पत्र लिहिलं, तेही योग्यच. दोन्ही ठिकाणी तो नियमाने वागला आणि त्या दोन नियमांच्या मध्ये सेनगावची मुलगी सापडली.

म्हणजे बिघाड रचनेत आहे. ठराव करण्याचा अधिकार मंडळाला, पैसे देण्याचा अधिकार विभागाला, आणि दोन्हीकडे माणसं तीच, पण एका जागी दिलेला शब्द दुसऱ्या जागी लागू होत नाही. जमीन एकाच्या नावावर आणि पाण्याची पाळी दुसऱ्याच्या हातात, असं शेत पिकत नाही हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. त्यात वित्त विभागाचा प्रतिनिधी त्या बैठकीला आलाच नव्हता. इतिवृत्तात त्याच्या नावापुढे अनुपस्थित असं लिहिलेलं आहे. ज्याची संमती नंतर कळीची ठरली, तोच खोलीत नव्हता, आणि त्याच्या गैरहजेरीतही गणसंख्या पूर्ण होती.

हा पेच काही आमच्याच संस्थेपुरता नाही. सारथीच्या बाबतीत तो उघड्यावर आला होता. मोर्च्यांच्या काळात, म्हणजे ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाल्यापासून शिक्षणाच्या मागण्या सतत पुढे येत होत्या, आणि सारथी त्यांचं एक फळ होतं. कंपनी म्हणून ती स्वायत्त होती. तरी दीड-दोन वर्षांत तिच्या स्वायत्ततेचा प्रश्न उभा राहिला. ११ जानेवारी २०२० ला संभाजीराजे छत्रपती यांनी त्यासाठी पुण्यात उपोषण केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मंत्रालयातल्या बैठकीनंतर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी संस्थेला तातडीने ८ कोटी रुपये जाहीर केले आणि ती नियोजन विभागाकडे घेण्याचं ठरलं. कंपनी तीच, मेमोरँडम तेच, फक्त वरचा विभाग बदलला. कागदावर स्वायत्त असलेल्या संस्थेचं वरचं छप्पर बदलल्याने तिचं दैनंदिन जगणं बदलतं, हे त्यातून दिसलं.

मग स्वतःचा निधी असला की प्रश्न सुटेल? विद्यार्थ्यांची पहिली सूचना हीच होती: सरकारने एकदाच मोठी ठेव द्यावी, व्याजावर योजना चालावी. मला ती आवडली होती. पण मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशनचं काय झालं तेही पाहिलं पाहिजे. १९८९ मध्ये सोसायटी म्हणून नोंदलेली, केंद्राने ठेव दिलेली ही संस्था. अल्पसंख्याक समाजातल्या नववी ते बारावीच्या मुलींना तिची बेगम हजरत महल शिष्यवृत्ती मिळे, नववी-दहावीला वर्षाला ५,००० आणि अकरावी-बारावीला ६,००० रुपये. संस्थेचे पदसिद्ध अध्यक्ष अल्पसंख्याक कार्य मंत्री. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रालयाने संस्था बंद करण्याचा आदेश काढला. तेव्हा देणी वजा जाता तिच्याकडे ६६९ कोटींहून अधिक रक्कम होती, आणि ती भारताच्या संचित निधीत जमा करायला सांगण्यात आलं. दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, एप्रिलमध्ये ते फेटाळलं गेलं. बंद करण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर मतं वेगळी असतील. माझं स्वतःचं मत असं की गरीब मुलींच्या नावाने ठेवलेला पैसा दुसऱ्या रूपात त्यांच्याकडेच जायला हवा होता. पण या प्रकरणापुरतं पाहायचं तर, ठेव कितीही मोठी असली तरी सभासद नेमणारा हात एकच असेल, तर ती ठेव त्या हाताच्या निर्णयापुढे टिकत नाही. सारथीकडे रचना होती आणि पैशाची वाट दुसऱ्याच्या हाती होती. फाउंडेशनकडे पैसा होता आणि मंडळ दुसऱ्याच्या हाती होतं.

कोंडी कशी फुटली

उपाय शेवटी अगदी साधा निघाला. विद्यार्थ्यांनी निवेदन दिलं, पण ते "पैसे द्या" असं नव्हतं. त्यात दोनच मागण्या होत्या. जुन्या दराची मागणी संस्थेने स्वतंत्र कागदावर, ठरावाला बाधा न आणता, ताबडतोब पाठवावी. आणि फरकाचा प्रस्ताव वेगळा, आर्थिक भाराच्या तक्त्यासह, वित्त विभागाच्या सहमतीसाठी जावा. निवेदनाला इतिवृत्त आणि पत्राच्या प्रती जोडल्या. ते मंत्र्यांना किंवा संस्थेच्या खिडकीवर दिलं नाही, संचालक मंडळाच्या प्रत्येक सदस्याला नावानिशी पाठवलं.

मंडळावरच्या एका तज्ज्ञ सदस्याने, जे स्वतः निवृत्त कुलगुरू आहेत, विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावला. ऑगस्टमधल्या त्या बैठकीत "ठरावाला बाधा न आणता" हे शब्द घालून जुन्या दराच्या मागणीला मान्यता दिली गेली. लेखापरीक्षणाची भीती तेवढ्या चार शब्दांनी मिटली. मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्रही एव्हाना गेलं होतं. सप्टेंबरमध्ये, विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी, जुन्या दराने रक्कम जमा झाली. फरकाला बराच वेळ लागला. हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांकडे सगळ्यांचे डोळे होते. शासन निर्णय नंतर निघाला आणि पैसे पुढच्या आर्थिक वर्षात आले.

या सगळ्यात औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करण्याचा पर्याय आम्ही बाजूला ठेवला होता. वकिलांचं म्हणणं होतं की जुन्या दराबाबत बाजू भक्कम आहे, नव्या दराबाबत तितकी नाही, कारण धोरण ठरवण्यात न्यायालय सहसा हात घालत नाही. तो सल्ला विद्यार्थ्यांना पटला, आणि दोन रकमा वेगळ्या करण्याची कल्पनाही खरं तर त्यातूनच पक्की झाली.

काय बदलायला हवं

ठेव असावी, पण ती सहा महिन्यांच्या वाटपाइतकी राखीव म्हणून, जेणेकरून विभागाशी पत्रव्यवहार चालू असताना मुलांच्या ताटात फरक पडणार नाही. एकदा निवड झालेल्या संशोधकाची रक्कम हे संस्थेचं दायित्व मानून एप्रिलच्या पहिल्या हप्त्यातच मोकळं व्हावं. नवीन प्रशिक्षणं, जाहिराती, कार्यक्रम मागाहून. मंडळावर मराठवाड्यातल्या विद्यापीठांपैकी एकाचा प्रतिनिधी असावा. तो आमचा माणूस म्हणून नको. हळदीचा हंगाम मार्च ते मे असतो आणि त्यात सहामाही वाटप बसत नाही, हे त्या टेबलावर कोणीतरी सांगायला हवं म्हणून.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आर्टिकल्समधली एक दुरुस्ती. आर्थिक भाराच्या विषयावर वित्त विभागाच्या प्रतिनिधीच्या हजेरीशिवाय ठराव होऊ नये, आणि त्याने सहमती, असहमती किंवा विभागाला विचारून सांगतो यांपैकी एक मत त्याच बैठकीत, तारखेसह, इतिवृत्तात नोंदवावं. "विचारून सांगतो" असेल तर किती दिवसांत, तेही लिहावं. मंडळ किती रुपयांपर्यंत स्वतः निर्णय घेऊ शकतं तो आकडा नियमावलीत असावा. आज तिथे "योग्य त्या मान्यतेने" असे शब्द आहेत, आणि ती मान्यता कोणाची यावरच इतके महिने गेले. इतिवृत्तं संकेतस्थळावर टाकायला तर कुठल्याही दुरुस्तीची गरज नाही. माहिती स्वतःहून जाहीर करावी असं सांगणाऱ्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ चा रोख आजही तोच आहे.

ती मुलगी २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा वसमतच्या मोंढ्यात होती. राहिलेल्या मुलाखती झाल्या, पण दोन हंगामांचे भाव वेगळे असल्याने तिला नमुन्याची मांडणी नव्याने करावी लागली. अधिछात्रवृत्तीची पाच वर्षं निवडीच्या तारखेपासून मोजली जातात. संस्थेमुळे गेलेलं वर्ष त्यातून वगळलं जात नाही. तिने आणि तिच्यासारख्या इतरांनी मुदतवाढीचा अर्ज केला आहे आणि तो मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आला आहे. मुदतवाढ म्हणजे पुन्हा खर्च, तेव्हा या वेळी अर्जातच एक स्वतंत्र परिच्छेद घातला आहे: वित्त विभागाच्या प्रतिनिधीस बैठकीची लेखी सूचना पोचल्याची नोंद विषयासोबत जोडावी, आणि ते अनुपस्थित राहिल्यास विषय पंधरा दिवसांच्या आत पुन्हा बोलावलेल्या बैठकीत घ्यावा.